आजोबांचं केलंस, आता ते शिकून घे

देवगड तालुक्यातल्या एका मुलाचं पत्र आलं आहे. यंदा बारावी झाला, कला शाखा, ५८ टक्के. आजोबांना अर्धांगवायू झाला तेव्हापासून दीड वर्ष त्यांचं अंथरुणातलं सगळं त्यानेच केलं. दिवाळीच्या आधी ते गेले. आता वृद्धांच्या सेवेचंच काम करायचं त्याच्या मनात आहे. वडील म्हणतात, "बारावी शिकान लोकांची घाण काढूक जातलंस?" मुंबईचे काका म्हणतात, पाठव, आठवड्याभरात घरोघर सेवेला माणसं पुरवणाऱ्या एजन्सीत लावतो. कणकवलीतल्या एकाने जपानला पाठवण्याचे दोन लाख मागितलेत. "मॅडम, मी काय करू?" असं त्याने विचारलंय.

प्रिय मित्रा,

तुझं पत्र दोनदा वाचलं. या कामात जरूर जा. पण काकांच्या वाटेने एवढ्यात नको, आणि जपानच्या त्या माणसाला एक रुपयाही देऊ नकोस. आधी शीक.

शिकण्यावर माझा एवढा जोर का, ते सांगते. माझी आई शेवटचे आठ महिने अंथरुणाला खिळली होती. आम्ही एका एजन्सीकडून बाई ठेवली. बाई मायाळू होती, आईशी गप्पा मारायची, वेणी घालायची. एक दिवस तिला आईच्या माकडहाडाजवळ लालसर डाग दिसला. तिने त्यावर पावडर टाकून चांगलं चोळलं, तिला तसंच ठाऊक होतं. असा डाग बोटाने दाबून बघायचा असतो. दाबल्यावर लाली क्षणभर जाते की तशीच राहते, ते पाहायचं. तशीच राहिली तर ती जखमेची सुरुवात. मग तिथे चोळायचं अजिबात नाही, त्या भागावरचा भार काढायचा आणि दर दोन तासांनी कूस बदलायची. पंधरा दिवसांत आईच्या पाठीला खड्डा पडला. मला त्या बाईचा राग आला नाही. तिला कुणी शिकवलंच नव्हतं आणि तरीही तिला आमच्या घरी पाठवलं गेलं, याचा मात्र आजही येतो.

तूही दीड वर्ष काही गोष्टी अंदाजाने केल्या असशील. लुळ्या हाताला धरून उठवलं तर खांदा निसटू शकतो. अर्धांगवायूचा झटका आलेल्या माणसाला पातळ पेजेने पटकन ठसका लागतो, घट्टसर पेज त्याला गिळायला सोपी जाते. भरवताना पाठ ताठ आणि हनुवटी किंचित खाली हवी, जेवणानंतर अर्धा तास आडवं करायचं नाही. हे वाचताना "अरे, मी तर उलटंच करत होतो" असं कुठे वाटलं तर मनाला लावून घेऊ नकोस. शाळेत हे कुणी शिकवत नाही.

आता वडिलांचं. त्यांच्याशी वाद घालू नकोस. घाण काढावी लागते हे खरंच आहे, ते लपवण्यात अर्थ नाही. पण तू ज्यांचं केलंस ते त्यांचे वडील होते. आपल्या बापाचं आपल्या हातून झालं नाही, पोराने केलं, ही बोच त्यांच्या मनात असू शकते. ती रागाच्या रूपाने बाहेर येते. त्यांना ओरोसला जिल्हा रुग्णालयात एकदा बरोबर घेऊन जा आणि पुरुष परिचारक काम करताना दाखव. वृद्धांच्या आरोग्यासाठी केंद्र सरकारचा कार्यक्रम २०१० पासून सुरू आहे. त्यात जिल्हा रुग्णालयात १० खाटांच्या वेगळ्या कक्षाची तरतूद आहे, त्याचीही चौकशी तिथेच कर. हे बायलमाणसांचं काम असं कुणी म्हणालं तर विचार, आंघोळ घालायला, उचलायला आजोबांना कोण हवं होतं? घरोघरचे म्हातारे पुरुष परक्या बाईसमोर संकोचतात आणि शिकलेला मुलगा मिळत नाही. तू मुलगा आहेस, हे या कामात तुझं बळ आहे.

गरज तर आपल्याच दाराशी आहे. २०११ च्या जनगणनेत सिंधुदुर्ग आणि रत्नागिरी या दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या दहा वर्षांपूर्वीच्या तुलनेत घटली होती. तरणी माणसं मुंबईला, गोव्याला गेली, मागे म्हातारी राहिली. गणपतीला उघडणारी आणि विसर्जनानंतर कुलूप लागणारी घरं तुझ्या वाडीतही असतील. मात्र गावात या कामाला नियमित पगार देणारे अजून थोडेच आहेत. सुरुवातीची नोकरी बहुधा मुंबई, ठाणे, पुणे नाहीतर गोव्यात करावी लागेल, हे मनात धरूनच चल.

शिक्षणाकडे येते. बी.एस्सी. नर्सिंगला बारावीला जीवशास्त्रासह विज्ञान लागतं, त्यामुळे तो दरवाजा सध्या बंद आहे. एएनएम हा साहाय्यक परिचारिकेचा अभ्यासक्रम फक्त मुलींसाठी. तुझ्यासाठी जीएनएम, म्हणजे नर्सिंगची पदविका, आहे. तीन वर्षांचा अभ्यासक्रम, कला शाखेलाही प्रवेश मिळतो, बारावीला इंग्रजी विषय आणि किमान ४० टक्के गुण लागतात. मुलांसाठी जागा कमी असतात, काही संस्था मुलींनाच घेतात, म्हणून अर्ज भरण्याआधी फोन करून विचार. प्रवेशाचं वेळापत्रक राज्याच्या सामायिक प्रवेश परीक्षा (सीईटी) कक्षाच्या संकेतस्थळावर बघ. संस्थेला महाराष्ट्र राज्य शुश्रूषा व परावैद्यक शिक्षण मंडळाची मान्यता आहे का, हे स्वतः तपास, संस्थेच्या माहितीपुस्तिकेवर विसंबू नकोस. शिष्यवृत्तीसाठी महाडीबीटी या राज्य सरकारच्या पोर्टलवर कोणत्या योजनेत बसतोस तेही पाहून ठेव. जीएनएमनंतर नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणी होते आणि पुढे दोन वर्षांत पोस्ट बेसिक बी.एस्सी., म्हणजे नर्सिंगची पदवी, करता येते.

तीन वर्षं घराला परवडणार नसतील, तर काही महिन्यांचा जनरल ड्युटी असिस्टंटचा किंवा होम हेल्थ एडचा, म्हणजे रुग्णाच्या रोजच्या देखभालीचा, कौशल्य अभ्यासक्रम आहे. तो वाईट नाही. पण त्याने तू नर्स होत नाहीस. इंजेक्शन देणं, सलाईन लावणं ही तुझी कामं नसतील, आणि घरची माणसं गळ घालतील तेव्हाही "हे माझं काम नाही" म्हणता आलं पाहिजे. माझं मत विचारशील तर जीएनएमसाठी एकदा जीव तोडून प्रयत्न कर, नाही जमलं तर हा मार्ग घे.

एजन्सीत पुढे कधी गेलास तर आधी लेखी माग: ड्युटी बारा तासांची की चोवीस, आठवड्याची सुट्टी कोणती, पगारातून कमिशन किती कापणार, चोवीस तासांच्या घरात झोपायला जागा कुठे. काकांना हे प्रश्न आत्ताच विचार. उत्तरं आली नाहीत तर तुला कळेलच.

जपानचं स्वप्न खोटं नाही. विशिष्ट कुशल कामगारांसाठीचा त्यांचा व्हिसा एप्रिल २०१९ पासून आहे, भारताशी त्याचा करार जानेवारी २०२१ मध्ये झाला आणि वृद्धसेवा हे त्यातलं एक क्षेत्र आहे. पण त्यासाठी जपानी भाषेची एन-४ पातळीची (प्राथमिक) किंवा तत्सम परीक्षा, वृद्धसेवेच्या कौशल्याची परीक्षा आणि त्या कामातल्या जपानीची वेगळी परीक्षा द्यावी लागते. पैसे भरून यातलं काहीच टळत नाही. परदेशी नोकरीसाठी भरती करणारा एजंट परवानाधारक हवा, केंद्र सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर त्याचं नाव सापडतं. त्याला उमेदवाराकडून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि वर जीएसटी एवढंच घेता येतं. त्या गृहस्थांकडे परवाना क्रमांक माग. दोन लाख प्रशिक्षणाचे आहेत असं म्हणाले, तर कुठलं प्रशिक्षण, किती तास, पावती कुणाच्या नावाची, तेही विचार. जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी आपल्या राज्य सरकारने २०२४ मध्ये करार केला, त्यातही रुग्णसेवेची कामं आहेत. हे सगळं जीएनएमनंतरचं. तेव्हा तुझी किंमत वेगळी असेल.

एक गोष्ट मात्र कुठल्याही प्रवेशपत्रिकेत विचारत नाहीत, ती मी विचारते. आजोबांवर तुझी माया होती म्हणून ते जमलं. अनोळखी, चिडका, तुला शिव्या देणारा म्हातारा असेल तर? स्मृतिभ्रंश झालेली माणसं तिन्हीसांजेला फार बेचैन होतात. स्वतःच्याच घरात बसून "मला घरी ने" म्हणतात. "हेच तुमचं घर" असं दहा वेळा समजावून उपयोग होत नाही. "घरी कोण कोण असतं हो तुमच्या?" असं विचारत चार पावलं बरोबर चालावं लागतं, रोज, त्याच वेळी. आणि बरेचदा असा माणूस नंतर शिकलेली भाषा विसरतो, लहानपणीची बोलतो. लालबागच्या चाळीत आयुष्य काढलेली आजी मालवणीतच साद घालेल, आणि तिला समजणारा तू एकटा असशील.

म्हणून प्रवेश सुरू व्हायच्या आधी महिनाभर जवळच्या एखाद्या वृद्धाश्रमात विनामोबदला काम कर. रोज संध्याकाळी वहीत दोन ओळी लिही, आज कुणाचं काय केलं, कशाचा कंटाळा आला. आजोबांची आठवण येऊन रडू आलं तर तेही लिही. त्यांच्या जाण्याचं दुःख अजून ताजं आहे. त्याच दुःखापायी तू हे काम मागतो आहेस की काम आवडतं म्हणून, हे त्या वहीतून तुझं तुला दिसेल. दुःख असलं तरी तू अपात्र ठरत नाहीस, फक्त ते ओळखून ठेवायचं.

तू एकूण टक्के लिहिलेस, इंग्रजीचे गुण लिहायचे राहिले. ते आणि तुझी जन्मतारीख लगेच कळव, जीएनएमला वयाची १७ वर्षं पूर्ण लागतात. वडिलांना माझा नमस्कार सांग. त्यांना माझ्याशी बोलावंसं वाटलं तर रविवारी दुपारनंतर मी घरीच असते.

तुझी,
करिअर मार्गदर्शक