ट्रॅकवर गाडी नेण्याआधी: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: ताई, पुढच्या महिन्यात मी पहिल्यांदाच ट्रॅक डेला, म्हणजे रेस ट्रॅकवर स्वतःची गाडी चालवायच्या दिवसाला, जातोय. गाडी दोन सीटची स्पोर्ट्स कार आहे, कंपनीतून आली तशीच, वजन 1400 किलोच्या आसपास. खर्च बेतानेच करायचा आहे. मित्र म्हणतात, आधी एक्झॉस्ट आणि ईसीयूचं, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरचं, ट्यूनिंग कर. गॅरेजवाला म्हणतो, गाडी खाली बसवणारे लोअरिंग स्प्रिंग टाकू. सुरुवात कुठून करू?

उत्तर: ब्रेक ऑइलपासून. तुमच्या पत्रात त्याचं नावच नाही, म्हणून आधी त्यावरच लिहिते.

रस्त्यावर आपण एखाद्या वेळी जोरात ब्रेक मारतो आणि मग ब्रेकला निवायला भरपूर वेळ मिळतो. ट्रॅकवर तो मिळत नाही. तुमची 1400 किलोची गाडी ताशी 200 किमीवरून 100 वर आणली, की सुमारे 16 लाख ज्यूल ऊर्जा सोडावी लागते. त्यातली बहुतेक उष्णता होऊन ब्रेकमध्ये जाते, तीही तीनेक सेकंदांत. एवढ्या उष्णतेवर जवळजवळ पाच लिटर पाण्याला उकळी फुटेल. प्रत्येक लॅपमध्ये असं काही वेळा होतं, आणि सेशन, म्हणजे ट्रॅकवरची तुमची पाळी, संपेपर्यंत होतच राहतं.

ही उष्णता डिस्कमधून पॅडमध्ये, पॅडमधून कॅलिपरच्या (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाच्या) पिस्टनमध्ये आणि तिथून ऑइलमध्ये उतरते. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषून घेतं, आणि ओलावा मुरला की लवकर उकळतं. नव्या डॉट 4 (हा ब्रेक ऑइलचा एक दर्जा) ऑइलचा उत्कलनबिंदू किमान 230 अंश सेल्सिअस असावा लागतो, 3.7 टक्के पाणी मुरल्यावर किमान 155 चालतो. डॉट 3 मध्ये हेच आकडे 205 आणि 140 आहेत. कॅलिपरमध्ये ऑइल उकळलं की वाफेचे बुडबुडे होतात. ऑइल दाबलं जात नाही, वाफ मात्र दाबली जाते. त्यामुळे पाय पेडलवर पडतो, पेडल थेट खाली जातं आणि गाडी चालतच राहते. पुढे गाडी थंड झाली की पेडल बऱ्यापैकी पूर्ववत होतं, आणि गॅरेजमध्ये कुणालाच दोष सापडत नाही.

म्हणून ट्रॅक डेच्या आधीच्या आठवड्यात जुनं ऑइल पूर्ण काढून रेसिंगसाठीचं डॉट 4 भरा. ताजं असताना ते 300 अंशांच्या पुढेच उकळतं. चारही चाकांच्या ब्रेकमध्ये अडकलेली हवा नीट काढून घ्या. क्लचही त्याच डब्यातून ऑइल घेत असेल तर त्यातलीही काढा. डॉट 5 असं लिहिलेला डबा घेऊ नका. ते सिलिकॉनचं असतं आणि तुमच्या गाडीतल्या ऑइलमध्ये मिसळत नाही. डॉट 5.1 वेगळं आहे, ते चालतं.

दुसरा खर्च पॅडचा. रस्त्यावरचे बरेचसे पॅड 400 अंशांच्या आसपास पकड सोडू लागतात. तेव्हा पेडल खाली जात नाही, पायाखाली चांगलं कडक लागतं, पण गाडी हवी तशी थांबत नाही. हा फरक पायाला कळायलाच हवा. पेडल मऊ पडलं तर दोष ऑइलचा, पेडल कडक आणि गाडी थांबत नाही तर पॅडचा. पहिल्या ट्रॅक डेला पूर्ण रेसिंगचे पॅड लागत नाहीत. रस्ता आणि ट्रॅक दोन्हीसाठी बनवलेले पॅड मिळतात, ते बसवा. बनवणाऱ्याने सांगितल्याप्रमाणे ते आधी रुळवून घ्या, म्हणजे ठरावीक वेगावरून पुन्हा पुन्हा वेग कमी करायचा, मात्र गाडी पूर्ण उभी करायची नाही, आणि मग पाय ब्रेकला न लावता फिरवून निववायची. भोकं पाडलेल्या डिस्कच्या मोहात पडू नका. सतत तापल्यावर भोकांच्या कडेपासून तडे जायला लागतात. साध्या, जाड, आतून हवा खेळणाऱ्या डिस्क उत्तम.

आता तुमच्या मित्रांची यादी. ताकद वाढवली की सरळ पट्ट्याच्या शेवटी वेग वाढतो, आणि ब्रेकला पेलायची उष्णता वेगाच्या वर्गाने वाढते. थांबायची सोय नसताना पळायची सोय वाढवणं मला मुळीच पटत नाही. लोअरिंग स्प्रिंगने गाडी देखणी दिसते, पण सस्पेन्शनला वर-खाली व्हायला जागा उरत नाही. मग भर वळणात ते स्टॉपरवर आदळतं आणि चाकाची पकड एकदम सुटते. तुमच्या गाडीचं मूळ सस्पेन्शन पहिल्या वर्षाला पुरून उरेल.

वाचलेले पैसे शिक्षकावर खर्च करा. मी शेजारच्या सीटवर बसून शिकवते, आणि नवख्यांत एक गोष्ट नेहमी पाहते: वळणाच्या खूप आधीपासून ब्रेकवर हलका पाय ठेवून येतात. त्यांना वाटतं, आपण गाडी जपतोय. खरं तर ब्रेकला निवायला मिळणारा सरळ रस्ताच ते खाऊन टाकतात. सरळ असतानाच, ठामपणे, थोडा वेळ दाबायचा आणि सोडायचा. हे अंगात भिनलं की त्याच पॅडवर, त्याच ऑइलवर गाडी कितीतरी जास्त लॅप टिकते.

सेशनची शेवटची लॅप ब्रेक जवळजवळ न वापरता, सावकाश काढा. मग पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकशेजारी गाड्या थांबतात तिथे, उभी केल्यावर हँडब्रेक लावू नका. तापलेला पॅड डिस्कला एकाच जागी चिकटून राहतो आणि पुढच्या वेळी पेडल थरथरतं. गिअरमध्ये ठेवा आणि चाकाला ठोकळ्याची ओट लावा.

प्रश्न: मागच्या ट्रॅक डेनंतर माझ्या पुढच्या टायरची बाहेरची कड पार सोलून निघाली, आतली बाजू जवळपास नवी आहे. हवा कंपनीने सांगितलेलीच होती. सेमी-स्लिक, म्हणजे ट्रॅकसाठीचे कमी नक्षीचे, टायर घेऊ का?

उत्तर: आत्ता नको. सेमी-स्लिक टायरचीही कड अशीच जाईल, आणि लवकर जाईल.

वळणात गाडी बाहेरच्या बाजूला झुकते, त्याबरोबर चाकही बाहेर कलतं आणि सगळा भार टायरच्या बाहेरच्या कडेवर येतो. उपाय आहे निगेटिव्ह कॅम्बर, म्हणजे चाकाचा वरचा भाग थोडा आत झुकवणं. रस्त्यावरच्या गाडीला तो बहुधा अर्धा-एक अंश असतो. ट्रॅकवर पुढच्या चाकांना दोन ते तीन अंश लागतो. काही गाड्यांत मूळ बोल्टच्या जागेतच थोडा वाव असतो, काहींत वरची प्लेट बदलावी लागते. अलाइनमेंट करणाऱ्याला सांगा की कॅम्बर बदलल्यावर टो, म्हणजे वरून पाहिल्यावर चाकं किती आत-बाहेर वळलेली दिसतात ते, पुन्हा लावून द्या. रस्त्यावर टायरची आतली कड खाण्यात कॅम्बरपेक्षा चुकीच्या टोचा हात मोठा असतो.

हवेचं गणित मात्र आधी समजून घ्या, त्यात पैसे लागत नाहीत. कंपनीचा आकडा थंड टायरचा असतो. टायरमधली हवा दर सहा अंशांना साधारण एक पीएसआयने वाढते. सकाळी 20 अंशांवर 32 भरली आणि आतली हवा 60 अंशांवर गेली, तर मीटर 38 दाखवेल. फुगलेला टायर मधोमध टेकतो आणि घसरतो. तेव्हा पिटमध्ये येताक्षणी, टायर गरम असतानाच मोजा आणि जास्तीची काढा. गरम टायरचा योग्य आकडा टायर बनवणाऱ्याकडून मिळतो. चारही चाकांचे आकडे वहीत लिहा. बाहेर राहणाऱ्या बाजूचं चाक जास्त तापतं, म्हणून चारही आकडे सारखे नसतील. घरी निघण्यापूर्वी टायर थंड झाले की रस्त्यासाठीची हवा पुन्हा भरायची, हे त्याच वहीत पहिल्या ओळीवर लिहून ठेवा.

टायरच्या अंगावर खडूने बाहेरच्या कडेपर्यंत एक रेघ ओढून ट्रॅकवर जा. रेघ कुठपर्यंत पुसली ते पाहिलं की टायर कडेवर किती दुमडतोय ते कळतं. नक्षी संपून रेघ अंगावर फार खालपर्यंत पुसली गेली असेल तर हवा कमी आहे, किंवा तुम्ही वळणात फार वेगाने शिरताय. तुमच्या पत्रावरून मला दुसरं कारण जास्त संभवतं. पुढचे टायर किंचाळत असताना आणखी स्टिअरिंग फिरवलं की कड अशीच जाते. तेव्हा उलट थोडं सोडायचं असतं.

प्रश्न: लांबलचक उजव्या वळणात इंजिन ऑइल प्रेशरचा दिवा क्षणभर लुकलुकतो, सरळ आलं की जातो. ऑइल भरलेलं आहे. दुर्लक्ष करू का?

उत्तर: नाही, कृपा करून करू नका. एवढ्यावर त्या दिवशीचं ट्रॅकवर जाणं थांबवा.

गाडी वळणात गुरुत्वाकर्षणाएवढा आडवा जोर घेते, तेव्हा इंजिनच्या तळाच्या चेंबरमधलं ऑइल 45 अंशांत एका बाजूला चढतं. चांगल्या टायरवर आजच्या स्पोर्ट्स कार एवढा जोर सहज घेतात. वळण लांब असलं की पंपाची नळी उघडी पडते, ऑइलऐवजी हवा ओढते, आणि बेअरिंगवरचा ऑइलचा पापुद्रा तुटतो. तो दिवा प्रेशर अगदीच खाली गेल्यावर लागतो. म्हणजे तो दिसेपर्यंत धातूला धातू लागायला सुरुवात झालेली असू शकते.

ऑइल पट्टीच्या वरच्या खुणेपर्यंत आहे ना, हे सपाट जागी पुन्हा पाहा. जुनं ऑइल आणि फिल्टर काढून आत चकाकणारे कण आहेत का ते बघा. असतील तर इंजिन उघडावं लागेल. नसतील तर चेंबरमध्ये आडपडदे असलेला, म्हणजे बॅफल्ड सम्प बसवा, आणि आकडा दाखवणारा प्रेशर गेज लावा. पोर्शे 911 जीटी3 सारख्या गाड्यांत ड्राय सम्प असतो तो याचसाठी. तिथे ऑइल वेगळ्या टाकीत राहतं आणि पंपाला सतत मिळत राहतं. ऑइलचं तापमान 130 च्या पुढे जाऊ लागलं तरी लगेच वेग कमी करा.

पेट्रोलचंही असंच होतं. टाकी अर्ध्याखाली गेली की काही गाड्या लांब वळणात अडखळतात.

प्रश्न: चार पॉइंटचा हार्नेस, म्हणजे चार जागी बांधलेला रेसिंगचा बेल्ट, बसवून घेतोय; सीट मूळचीच आणि रोल बार, म्हणजे गाडी उलटली तर छत पेलणारा पाइप, नाही. चालेल ना?

उत्तर: मला तरी चालणार नाही. अशा गाडीत मी शिकवायला बसत नाही. चार पॉइंटच्या साध्या हार्नेसमध्ये दोन पायांमधला पट्टा नसतो. समोरून धडक झाली की खांद्याचे पट्टे कमरेचा पट्टा वर ओढतात, तो हाडावरून सरकून पोटात रुततो. गाडी उलटली आणि छत चेपलं, तर हार्नेसने जखडलेलं शरीर बाजूलाही होऊ शकत नाही. हार्नेस घ्यायचा तर सगळं एकत्र घ्यावं लागतं: रोल बार, पट्ट्यांसाठी भोकं असलेलं सीट, पाच किंवा सहा पॉइंटचा हार्नेस आणि मान जपणारं हान्स. फॉर्म्युला वनमध्ये हान्स 2003 पासून सक्तीचं आहे, कारण खांदे घट्ट बांधल्यावर डोकंच तेवढं पुढे फेकलं जातं. हे सगळं एकदम परवडत नसेल तर कंपनीचा तीन पॉइंटचा बेल्ट आणि एअरबॅग एकमेकांसाठी बनवलेले आहेत, तेच वापरा.

प्रश्न: पूर्ण रेसिंगचे पॅड लावून त्याच गाडीने ऑफिसला जाता येईल?

उत्तर: जाऊ नका. ते थंड असताना नीट लागतच नाहीत, आणि सकाळी घराबाहेरच्या पहिल्याच चौकात ते थंडच असतात. ट्रॅकवर पोचल्यावर बदला, निघताना पुन्हा बदला.

प्रश्न: माझी मुलगी बावीस वर्षांची आहे, स्वतःच्या कमाईची छोटी स्पोर्ट्स कार घेऊन ट्रॅक डेला निघाली आहे. मला गाडीतलं काही कळत नाही. तिला अडवायचं नाही, पण आई म्हणून काही बघता येईल का?

उत्तर: येईल, आणि तुम्ही विचारलंत याचा मला फार आनंद झाला.

हेल्मेट हातात घेऊन मागचं स्टिकर पाहा. स्नेल (हेल्मेट तपासणारी संस्था) एसए असं लिहिलेलं हवं, एम नको. एम मोटरसायकलसाठी असतं. एसएमध्ये आतलं अस्तर आगीला टिकणारं असतं आणि गाडीतल्या पाइपवर डोकं आपटण्याचीही चाचणी झालेली असते. टायरच्या अंगावर DOT या इंग्रजी अक्षरांपासून सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. नक्षी भरपूर असली तरी टायर जुनाट असेल तर तिला विचारा.

गाडी पूर्ण रिकामी करायला लावा. पायाखालची मॅट, पाण्याची बाटली, डिकीतला जॅक, गाडीत अडकवलेला फोन, सगळं बाहेर. निसटलेली बाटली ब्रेकच्या पेडलखाली जाऊ शकते.

तिच्याकडे टॉर्क रेंच आहे का, तेही विचारा. चाकाचे नट तिच्या गाडीच्या पुस्तकातल्या आकड्याने आवळायचे असतात. पहिल्या सेशननंतर चाकं निवली की पुन्हा तपासायचे. विम्याचा कागद दोघी मिळून वाचा. बऱ्याच पॉलिसींत ट्रॅकवरचं नुकसान वगळलेलं असतं.

आणि सकाळच्या ब्रीफिंगला ती वेळेवर पोचेल एवढं पाहा. पिवळा झेंडा म्हणजे पुढे धोका, सावकाश जा आणि कुणालाही मागे टाकू नका. लाल म्हणजे सेशन थांबलं. काळा आपल्याला दाखवला तर पिटमध्ये या. बाकीचे झेंडे आणि तिथले खास नियम त्या ब्रीफिंगमध्ये सांगतात. तुम्हालाही जाता आलं तर तिच्याबरोबर बसून ऐका.