कॅम्परच्या आत सुटणारं पाणी: डिह्युमिडिफायर राहू द्या, आधी फट ठेवा

तुम्ही विचारलंय की फोर्स ट्रॅव्हलर व्हॅनचा कॅम्पर, म्हणजे आत झोपायची सोय असलेली गाडी, करून घेतला, डिसेंबरात भंडारदऱ्याला दोन रात्री काढल्या, सकाळी काचांवरून ओघळ, गादीखाली ओल. आता फेब्रुवारीत दोघं किन्नौरमार्गे स्पितीला निघालाय, तर बारा व्होल्टवर चालणारा कोणता डिह्युमिडिफायर, म्हणजे हवेतली ओल ओढणारं यंत्र, घ्यावा.

कुठलाच घेऊ नका. बारा व्होल्टवर चालणारे ते छोटे डबे बहुतेक पेल्टियरचे असतात, म्हणजे विजेने एक पट्टी थंड करून तिच्यावर वाफेचं पाणी करणारे. उबदार, दमट खोलीतसुद्धा ते दिवसभरात पाव-अर्धा लिटर पाणी काढतात. गाडीतलं तापमान 10 अंशांच्या खाली गेलं की त्यांच्या थंड पट्टीवर बर्फ धरतो आणि काम थांबतं, बॅटरी मात्र खात राहतात. सिलिका जेल स्वतःच्या वजनाच्या साधारण तीस टक्के पाणी धरतं. म्हणजे एका रात्रीसाठी दोन किलो लागेल आणि सकाळी ते ओव्हनमध्ये सुकवावं लागेल. स्पितीतल्या काजाला कुठे सुकवणार?

आता हिशोब बघा, कारण हा हिशोब कुणी मांडून दाखवत नाही. झोपलेला माणूस रात्रभरात श्वासातून आणि त्वचेतून साधारण 300 मिली पाणी सोडतो. दोघांचं 600. तुमच्या गाडीच्या आत जेमतेम 12 घनमीटर हवा असेल. 15 अंशांना एक घनमीटर हवा जास्तीत जास्त 12.8 ग्रॅम वाफ धरते, म्हणजे गाडीतली सगळी हवा मिळून दीडशे ग्रॅम. 600 ग्रॅम दीडशेत मावत नाही. उरलेलं एकतर बाहेर जाणार, नाहीतर पत्र्यावर बसणार. तिसरी वाट नाही.

म्हणूनच ‘एकदम हवाबंद’ म्हणून कॅम्पर विकणाऱ्यांशी माझं जुनं भांडण आहे. अशाच एका गाडीचं छत आमच्याकडे उघडलं होतं, ते सविस्तर सांगतो, कारण तुमच्या गाडीत आज जे सुरू झालंय ते दोन हिवाळ्यांनी कुठे पोचतं ते त्यात दिसतं.

गाडी ट्रॅव्हलरच. मालकांची तक्रार अशी की छत गळतं. वरून दोनदा सीलंट मारून झालेलं, रूफ फॅनची चौकट काढून पुन्हा बसवलेली, तरी गळती तशीच. त्यांना एकच विचारलं, गळतं केव्हा? पाऊस नाही, टपावर बर्फ नाही, रात्री सगळं कोरडं, आणि सकाळी नऊच्या सुमारास ऊन टपावर आलं की थेंब. हे गळणं नाहीच. रात्रभर आतल्या वाफेचा छताच्या उघड्या लोखंडावर बर्फाचा पापुद्रा धरतो आणि ऊन लागलं की वितळून खाली येतो.

आतली प्लाय उतरवली तेव्हा पहिली दिसली ती गंजाच्या ठिपक्यांची रांग. प्लाय थेट छताच्या फासळ्यांवर सेल्फ टॅपिंग स्क्रूने ठोकलेली होती. स्क्रू फासळीत, फासळी टपाच्या पत्र्याला चिकटलेली, म्हणजे प्रत्येक स्क्रूचं डोकं बाहेरच्याइतकं थंड. वरच्या कापडाला आतून रुपयाएवढे तांबूस डाग, दर सहा इंचांवर एक. प्लायच्या मागे 50 मिमीचं ग्लासवूल. त्याचा वीतभर तुकडा पिळला तर ओंजळ भरली. ग्लासवूल कोरडं असेल तर उत्तम काम करतं, पण वाफ त्यातून सरळ पलीकडे जाते, थंड पत्र्याला लागते, पाणी होते आणि तिथेच अडकते. भिजलेलं ग्लासवूल ऊब धरत नाही, ओल मात्र महिनोन्महिने धरतं. फासळ्यांच्या कडांना गंजाचे पापुद्रे सुटत होते. खिडक्या आतून प्लायने बुजवल्या होत्या. मागची काच थंडच राहिल्याने तिच्यावरचं पाणी रबरी बीडिंगच्या खाचेत साचून काळी बुरशी धरलेली. आणि खाली कुणीतरी स्प्रे फोम मारताना दाराच्या तळाची पाणी निघायची भोकंही बुजवून टाकली होती, त्यामुळे ओघळलेलं पाणी तिथेच मुरत होतं. दार तळाशी कुजलेलं.

हे करणाऱ्याने काम जीव लावून केलं होतं, सांधे नीट भरले होते, फक्त गाडीत माणसं झोपणार आहेत आणि माणसं रात्रभर वाफ सोडतात हे धरलंच नव्हतं. रूफ फॅन होता, पण तो ओढणार कुठून? आत यायला बोटभर फटसुद्धा ठेवली नव्हती.

दुरुस्ती अशी. गंज वायर ब्रशने घासून झिंक फॉस्फेट प्रायमर. फासळ्यांच्या मधल्या पत्र्यावर 19 मिमी नायट्राइल रबर शीट, बंद पेशींची, म्हणजे वाफ सहज आत न शिरणारी, आणि आग सहज न पसरवणारी (क्लास ओ दर्जाची). थिनरने पत्रा पुसायचा, गोंद दोन्हीकडे लावायचा, हाताला चिकट पण ओला न लागेपर्यंत दहा-पंधरा मिनिटं थांबायचं आणि मधून कडेकडे दाबत नेत बसवायची. शीटमागे हवेचा फुगा राहिला तर उद्याचं पाणी तिथे साचतं. फासळ्यांवरही 9 मिमीची पट्टी पूर्ण गुंडाळायची, हे लोक हमखास सोडतात. सगळ्या सांध्यांवर ॲल्युमिनियम टेप. त्यावर लाकडी पट्टी, आणि प्लायचे स्क्रू फक्त लाकडात. प्लाय धरणारा एकही स्क्रू लोखंडाला लागता कामा नये.

फरक किती पडतो? आत 15 अंश, बाहेर उणे 15 असेल तर उघड्या पत्र्याची आतली बाजू उणे 8 च्या आसपास असते. तिथे बर्फच धरणार. 19 मिमी नायट्राइलच्या आतल्या पृष्ठभागाचं तापमान साडेनऊ येतं. 15 अंश आणि 60 टक्के आर्द्रतेच्या हवेला दव सुटतं सव्वासात अंशांना. म्हणजे शीट कोरडी, पण आर्द्रता 60 च्या आत ठेवली तरच. ती 75 वर गेली की याच शीटवर पाणी सुटेल. एवढ्यासाठी इन्सुलेशन आणि हवा ही दोन्ही लागतात, एकाने भागत नाही. तीन-चारशे रुपयांचा डिजिटल आर्द्रतामापक घ्या आणि तो पलंगाच्या डोक्याशी लावा, डॅशबोर्डवर नको.

आता हवेचं. ‘फट ठेवली तर ऊब जाईल’ हे मी इतक्यांदा ऐकलंय की आकडाच सांगतो. उणे 15 च्या हवेत घनमीटरमागे जेमतेम एक ग्रॅम वाफ असते, आतल्या 15 अंश, 60 टक्क्यांच्या हवेत पावणेआठ. दोघे झोपेत तासाला 75 ग्रॅम सोडतात. ते बाहेर न्यायला तासाला 11-12 घनमीटर हवा पुरते, म्हणजे गाडीतली हवा तासातून एकदा बदलली की झालं. तेवढी हवा गरम करायला सव्वाशे वॉटसुद्धा लागत नाहीत. तुमचा डिझेल हीटर दोन किलोवॉटचा असेल. श्वासाला मोकळं वाटावं म्हणून हवा दुप्पट केलीत तरी सव्वादोनशे वॉट. एवढ्यासाठी लोक गाडी सीलबंद करतात आणि पत्रा कुजवतात.

त्यासाठी वर 120 मिमीचा बारा व्होल्टचा साधा कॉम्प्युटर फॅन पुरे, छत्रीसारख्या झाकणाखाली, वेग कमी-जास्त करायच्या बटणासह. दोन-तीन वॉट घेतो, रात्रभरात दोन अँपिअर-तासांच्या आसपास. आवाज ऐकू येणार नाही इतक्या वेगावर रात्रभर चालू. आणि खाली, फॅनच्या विरुद्ध टोकाला, जमिनीलगत 10 × 10 सेंमीचं उघडं तोंड. जाळी लावणार असाल तर तोंड मोठं करा, जाळी बरीच वाट अडवते. गाडीचा रूफ फॅन असेल तर तोही चालेल, फक्त सगळ्यात मंद वेगावर. पण खालचं तोंड हवंच.

‘बाहेर धुकं आहे, उघडलं तर ओल आत येईल’ हीसुद्धा चूक. 0 अंशाच्या धुक्याच्या हवेत घनमीटरला 4.8 ग्रॅम वाफ असते. तीच हवा 15 अंशांना आणली की तिची आर्द्रता 36 टक्के भरते. थंड धुकं डोळ्यांना ओलं दिसतं, गाडीच्या दृष्टीने ती कोरडी हवा आहे.

भंडारदऱ्याला मात्र उलटं होतं, आणि तुमची पंचाईत तिथेच झाली. धरणाकाठी 10 अंश, 90 टक्के आर्द्रता म्हटलं तर बाहेरच्या हवेतच साडेआठ ग्रॅम. हीटर नाही, आत 15 अंश. आतली आर्द्रता 75 टक्क्यांपर्यंत जाऊ दिली तरी दर घनमीटरमागे एखादाच ग्रॅम बाहेर जातो, म्हणजे स्पितीच्या सहापट हवा लागते. तिथे फटीने भागणार नाही. समोरासमोरच्या दोन खिडक्या चांगल्या वीतभर उघडा, जाळी लावा आणि जाड रजई घ्या. सह्याद्रीतल्या बेताच्या थंडीत कॅम्पर जास्त भिजतो आणि हिमालयात कमी, हे ऐकायला विचित्र वाटतं, पण आकडे हेच सांगतात. पावसाळ्यात तर वारा घेऊनही काही सुकत नाही, तो प्रश्न वेगळा.

स्वयंपाकाचं पाणी लोक धरत नाहीत. एलपीजी जळताना स्वतः पाणी तयार करतं, 100 ग्रॅम गॅसमागे जवळपास 160 ग्रॅम. दोन चहा आणि एक पिठलं-भात एवढ्यात तेवढा गॅस जातो, उकळीची वाफ वेगळी. भात उघड्या पातेल्यात न करता कुकरमध्ये करा, शिट्टी होऊ लागली की आच मंद करा, आणि शेगडीजवळची खिडकी व फॅन गॅस पेटवायच्या आधी सुरू करून जेवण उरकल्यावर पंधरा मिनिटांनी बंद करा. ओलं जॅकेट, टॉवेल, मोजे आत वाळत घालायचे नाहीत. सकाळी काच पुसलेलं फडकं बाहेर पिळा आणि बाहेरच ठेवा. ते आत दोरीवर टाकलं तर पुसलेलं सगळं परत हवेत जातं.

समोरच्या काचेचा पडदा बाहेरून लावायचा. आतून लावलात तर काच आणखी थंड होते, वाफ कडेने मागे शिरते आणि सकाळी आतून बर्फ खरवडावा लागतो.

गादीखालची ओल अंगाच्या वाफेची. ती गादीतून खाली जाते आणि थंड फळीला लागून पाणी होते. सपाट प्लाय असेल तर तिला 25-30 मिमीची भोकं पाडा, हाताच्या अंतरावर नव्हे, चांगली जवळजवळ. वर दोन सेंमीची काथ्याची चटई किंवा लाकडी पट्ट्या, मग गादी. गादी बाजूच्या पत्र्याला टेकू देऊ नका, बोटभर जागा सोडा. सकाळी गादी उभी करून ठेवा.

हीटरबद्दल. डिझेल हीटर जळायची हवा बाहेरून घेतो आणि धूर बाहेर टाकतो, म्हणून त्याची ऊब कोरडी. पण तो आतलं पाणी बाहेर नेत नाही, ते फॅनचंच काम. काजा साडेतीन हजार मीटरच्या वर आहे. विरळ हवेत साधा हीटर डिझेल अर्धवट जाळतो, काजळी धरतो आणि पेटेनासा होतो. उंचीसाठीची सोय असलेलाच घ्या किंवा इंधनाचा पुरवठा कमी करता येतो का ते निघायच्या आधी बघा. तिथे पोचून ते जमत नाही.

ऊब येत नाही म्हणून गॅसची शेगडी पेटवून बसायचं नाही. पाणी तर सुटतंच, शिवाय कार्बन मोनॉक्साइड. कोळशाची शेगडी तर दार उघडं ठेवूनही आत आणायची नाही. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म उशाच्या उंचीवर लावा. गॅस सिलिंडर ठेवता त्या कप्प्याच्या तळाला बाहेर उघडणारं भोक असतं, एलपीजी हवेपेक्षा जड असल्याने गळला तर तिथून खाली निघून जातो. वारा येतो म्हणून ते भोक कुणी बुजवलंय का, हे आजच वाकून बघा. हवाबंद म्हणून विकलेल्या गाड्यांत ते बुजवलेलं मी पाहिलंय.