वॉशिंग्टन डीसीजवळ शेतकरी आईबाबांना जुन्या काळची शेती कुठे दाखवता येईल?

आईबाबा शेतकरी आहेत म्हणता, तर माउंट व्हर्ननला न्याच. जॉर्ज वॉशिंग्टनचं राहतं घर बघून बरेच जण परततात. तुम्ही खाली पोटोमॅक नदीकाठच्या शेतावर जा. तिथे मळणीचं १६ बाजूंचं कोठार आहे (मूळ १७९० च्या दशकातलं, आताचं त्याबरहुकूम बांधलेलं). वरच्या मजल्यावर गहू पसरून त्यावर घोडे गोल फिरवायचे. फळ्यांमध्ये मुद्दाम ठेवलेल्या फटींतून दाणे खाली पडायचे, काड वरच राहायचं. बाबांना आपल्या खळ्यावरची बैलांची पात आठवेल! शेजारचं गुलाम कुटुंबाचं लाकडी खोपटं मात्र अजिबात चुकवू नका. १७९९ मध्ये इथे ३१७ माणसं गुलामीत होती. ही शेती त्यांच्याच कष्टावर चालायची. थंडीत जाणार असाल तर शेताचा भाग उघडा आहे का, ते आधी बघा.