मे महिन्यात ऑस्ट्रेलिया: कुठून सुरुवात करावी आणि काय सोडावं

तुम्ही विचारलंय की धुळ्याहून आई-वडील आणि मुलं धरून सहा जण ८ ते २४ मे या काळात ऑस्ट्रेलियाला जाताय, यादीत सिडनी, मेलबर्न, केर्न्स, उलुरू (मधल्या वाळवंटातला मोठा खडक), पर्थ आणि टास्मानिया आहे, तर क्रम कसा लावावा आणि कपडे उन्हाळी घ्यावेत की हिवाळी. वडील शेतकरी आहेत, त्यांना तिथली शेतीही बघायचीय, असंही लिहिलंय. मी रावेर तालुक्यातला केळीवाला. मुलगी मेलबर्नला राहते म्हणून दोनदा जाऊन आलो, एकदा जानेवारीत आणि एकदा मे-जूनमध्ये. त्या अनुभवावरून सांगतो.

आधी पर्थ आणि टास्मानिया यादीतून काढा. वाईट वाटेल, पण काढा. ऑस्ट्रेलिया आपल्या भारताच्या दुपटीहून मोठा आहे, जवळपास ७७ लाख चौरस किलोमीटर, आणि माणसं पावणेतीन कोटींच्या आसपास. म्हणजे दोन गावांच्या मध्ये काहीच नाही, असे शेकडो किलोमीटर. नकाशावर केर्न्स आणि मेलबर्न एकाच किनाऱ्याकडे दिसतात, पण मधलं अंतर म्हणजे आपलं दिल्ली ते तिरुवनंतपुरम. सिडनीहून पर्थला विमानालाच साडेचार-पाच तास लागतात. घड्याळही बदलतं. मे महिन्यात मेलबर्न आपल्यापेक्षा साडेचार तास पुढे, पर्थ फक्त अडीच तास पुढे. सोळा दिवसांत सहा ठिकाणं धरली तर आई-वडिलांचा निम्मा वेळ विमानतळावर बॅगा धरून बसण्यात जाईल.

आता हवामान. तुमचा खरा प्रश्न हाच आहे. आपल्याला शाळेत शिकवलेलं असतं की दक्षिण गोलार्धात ऋतू उलटे, आपला उन्हाळा तो त्यांचा हिवाळा. हे खरं आहे, पण अर्धंच. मेलबर्नला चार ऋतू आहेत. केर्न्सला दोनच आहेत, ओला आणि कोरडा. केर्न्स विषुववृत्तापासून साधारण १७ अंशांवर आहे, म्हणजे आपल्या जळगाव-धुळ्यापेक्षाही विषुववृत्ताला जवळ. तिथला पाऊस नोव्हेंबर ते एप्रिल. पर्थला उलट, पाऊस जून ते ऑगस्टच्या थंडीत पडतो. मधलं वाळवंट बाराही महिने कोरडं, पण तिथं दिवस आणि रात्र यांच्यातच दोन ऋतू असतात.

पहिल्या वेळी मी हे समजून घेतलं नव्हतं. कांदेबागेची, म्हणजे केळीच्या पावसाळ्यानंतरच्या लावणीची, कामं उरकून जानेवारीत गेलो, कारण मुलगी म्हणाली उन्हाळा आहे, छान असतं. मेलबर्नला एक दिवस ४१ अंश होतं. आपल्यासारखीच वाळवंटाकडून झळ येत होती, अंगाची लाही लाही. दुपारी वारा फिरला, दक्षिणेच्या समुद्राकडून आला, आणि तासाभरात स्वेटर शोधायची वेळ आली. तिथली माणसं याला रोजचंच समजतात. मग आम्ही पाच दिवस केर्न्सला गेलो आणि पाचही दिवस पाऊस. मुसळधार म्हणजे काय ते मला तिथं कळलं. आपल्या जिल्ह्यात वर्षभरात सातशे मिलिमीटर पडला तर आपण समाधानी असतो. केर्न्सला वर्षाला दोन हजार पडतो आणि दक्षिणेला तासाभराच्या अंतरावरच्या इनिसफेलला त्याहून कितीतरी जास्त. प्रवाळ बघायला नेणारी बोट रद्द झाली, पुढच्या रस्त्यावर पाणी आलं, आणि हिने खिडकीतून पाऊस बघत चार दिवस काढले. तिला समुद्रातले मासे बघायची फार हौस होती. ती रुखरुख मला अजून आहे, म्हणूनच तुमच्या प्रश्नाला एवढं लांबलचक लिहितोय.

मे महिना तुम्ही निवडलाय, तो चांगला आहे. उत्तरेतला पाऊस सरलेला असतो आणि दक्षिणेत कडाक्याची थंडी अजून पडलेली नसते. म्हणून वरून खाली या. मुंबईहून सिंगापूरमार्गे केर्न्सला उतरा आणि परतीचं विमान मेलबर्नहून पकडा. जाताना एका शहरात आणि येताना दुसऱ्या शहरातून, असं तिकीट एकत्रच काढता येतं. एजंटला स्पष्ट सांगा, नाहीतर तो सवयीने सिडनी-सिडनी काढून देईल. केर्न्सला चार रात्री, उलुरूला दोन, सिडनीला चार, मेलबर्नला तीन. धुळ्याच्या ४३-४४ अंशांतून निघून आई-वडील थेट थंडीत जात नाहीत, शरीराला हळूहळू सवय होते.

केर्न्सला मे महिन्यात दिवसा २७-२८, रात्री २० च्या आसपास. आपली दिवाळीनंतरची हवा धरा. बोटीने ग्रेट बॅरियर रीफ बघा. २३०० किलोमीटर लांबीची ती प्रवाळांची रांग आहे, तुम्ही तिचा एक कोपरा बघणार, पण तो पुरतो. आई-वडिलांना पोहता येत नसेल तर काचेच्या तळाची बोट असते. मुलं पाण्यात उतरणार असतील तर बोटीवर मिळणारा अंगभर सूट घालूनच उतरवा, कारण विषारी जेलीफिशचा काळ नोव्हेंबर ते मे धरतात. आणि एक गोष्ट कडकपणे सांगतो. तिथल्या नद्यांमध्ये, खाडीत, ओढ्यात पाय धुवायलासुद्धा उतरू नका. आपण तापीत उतरतो तसं नाही ते. तिथं खाऱ्या पाण्याच्या मगरी असतात, पाट्या लावलेल्या असतात, त्या पाट्या खऱ्या आहेत.

उलुरूला लोक फोटो बघून वाळवंट म्हणून फक्त सुती कपडे नेतात. मेमध्ये तिथं दुपारी २२-२४ अंश आणि पहाटे ८-९. सूर्योदय बघायला तुम्ही पहाटेच उघड्यावर उभे राहणार, वारा लागणार. आई-वडिलांना कानटोपी आणि आतून घालायची उबदार बनियन घ्याच. खडक ३४८ मीटर उंच आहे, भोवतीची पायवाट साधारण दहा किलोमीटर. सगळी चालायची गरज नाही, छोटे तुकडे आहेत. वर चढायला २६ ऑक्टोबर २०१९ पासून पूर्ण बंदी आहे. तिथल्या अनांगू लोकांसाठी तो पवित्र आहे. मुलं विचारतील का चढायचं नाही, तर त्यांना सप्तशृंगी गडाचं सांगा. आपण चैत्रात पायी गडावर जातो, पण देवीच्या वरच्या शिखरावर कुणी जातं का? ध्वजाचा मानकरीच तेवढा चढतो. माझ्या नातवाला हे एका वाक्यात पटलं.

सिडनीबद्दल माहितीचे ढीग पडलेत, मी भर घालत नाही. फक्त दिवस लहान असतो हे धरून चाला. मेमध्ये आपल्याकडे सातपर्यंत उजेड, तिथं सिडनी-मेलबर्नला पाच-सव्वापाचला सूर्य मावळतो. सकाळी आठला बाहेर पडलात तरच दिवस हाती लागतो. मेलबर्नला दिवसा १६-१७, रात्री ८-९, त्यात भुरभुर पाऊस आणि वारा. जाड ओव्हरकोट नको. सुती शर्ट, त्यावर स्वेटर, त्यावर वारा-पाऊस अडवणारं पातळ जाकीट, असं एकावर एक घाला, म्हणजे दिवसातून चारदा काढता-घालता येतं. सहा जणांचं ओझंही कमी होतं. बर्फ हवा असेल तर मे नाही, जूनच्या मध्यानंतर यावं लागेल.

व्हिसाचं आधी करा, तिकीट नंतर. अर्ज ऑनलाइन असतो, बोटांचे ठसे द्यायला आम्हाला मुंबईला जावं लागलं. वडिलांच्या नावावर शेती असेल तर सातबारा इंग्रजीत भाषांतर करून जोडा. घरी परत यायला कारण आहे हे त्यातून दिसतं. औषधं तीन महिन्यांपेक्षा जास्त नेऊ नका आणि डॉक्टरांची इंग्रजीतली चिठ्ठी सोबत ठेवा. आपली पिन तिथल्या सॉकेटमध्ये बसत नाही, अडॅप्टर इथूनच घ्या.

आता खाण्याचं. आई बिबड्या (वाळवणातले पापड), मसाला, लोणचं बांधून देणारच. पेढे, तूप, ताजा कढीपत्ता, फळं, कुठलंही बी घरी ठेवा. बाकी जे नेताय ते कार्डावर लिहा. लिहिलं आणि त्यांना नको वाटलं तर ते फक्त काढून घेतात. न लिहिता सापडलं तर हजारो डॉलर दंड होऊ शकतो, व्हिसाही जाऊ शकतो. आम्ही बिबड्या लिहिल्या होत्या. त्या अधिकारी बाईंनी उलटून-पालटून पाहिल्या, कशाच्या आहेत विचारलं, ज्वारीच्या म्हटल्यावर परत दिल्या. त्याच कार्डावर गेल्या तीस दिवसांत शेतात गेला होतात का, असाही प्रश्न असतो. वडिलांनी हो लिहायचं. लपवायचं नाही.

शेतातल्या मातीच्या या प्रश्नावर थोडं जास्त लिहितो, कारण केळी माझ्या जिव्हाळ्याची आहे. ऑस्ट्रेलियाची केळी बहुतेक सगळी केर्न्सच्या दक्षिणेला, इनिसफेल-टली या पट्ट्यात होतात. मार्च २००६ मध्ये तिथं लॅरी नावाचं चक्रीवादळ आलं आणि देशातली ऐंशी-नव्वद टक्के केळी एका दिवसात आडवी झाली. आपल्याकडे वादळात बाग झोपली की काय होतं ते तुमच्या वडिलांना सांगायला नको. त्यातून ते उभे राहिले, तर २०१५ मध्ये टलीत पनामा मररोगाचा टीआर-४ हा प्रकार सापडला. ही बुरशी मातीत राहते, वीस-तीस वर्षं राहते, औषधाला दाद देत नाही, आणि बुटाला लागलेल्या चिमूटभर मातीतून दुसऱ्या शेतात जाते. आपण लावतो ते ग्रँड नैन कॅव्हेंडिशच, म्हणजे तेच रोगाला बळी पडणारं वाण. आपल्या देशात बिहारकडे हा रोग येऊन पोहोचलाय. म्हणून वडिलांना कितीही वाटलं तरी तिथल्या बागेत स्वतःहून शिरू देऊ नका, फाटकावर मनाईची पाटी असतेच.

रस्त्यावरून मात्र भरपूर दिसतं. केर्न्सहून गाडीने इनिसफेलला जा, दिवसाउजेडी परत या, कारण संध्याकाळी वॉलबी, म्हणजे छोटे कांगारू, रस्त्यावर येतात. दोन्ही बाजूंना केळी, घडांवर झाकायच्या स्कर्टिंग बॅगा आपल्यासारख्याच, मागे हिरवेगार डोंगर. वाटेत शेतकऱ्यांच्या छोट्या टपऱ्या लागतात. तिथं माणूस नसतो, फळांच्या पिशव्या आणि पैशांचा डबा असतो. त्यातून लेडी फिंगर केळी घ्या, लहान आणि गोड. मी गाडी बाजूला लावून दोन खाल्ली आणि त्या उतारावरची लावणीची ओळ किती अंतरावर आहे ते पावलांनी नाही, नजरेनेच मोजत उभा राहिलो.

निघायच्या आधी शेतात घालायचे बूट घरीच राहू द्या, सगळ्यांना धुतलेले किंवा नवे बूट द्या. आणि परत येताना मेलबर्नच्या मुक्कामी त्या बुटांचे तळवे ब्रशने घासून पुन्हा धुवा. वडिलांना कारण सांगा, ते स्वतःच धुतील.