घरी सुटणारे गणित वर्गात का अडते?

“मुलगी एका चाचणीने खचली, तिला कणखर कसे करावे?” हा प्रश्न घेऊन आठवीतल्या एका मुलीचे आईवडील माझ्याकडे आले. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) सातवीपर्यंत जिल्हा परिषदेच्या शाळेत मराठीतून शिकलेल्या या मुलीला तालुक्याच्या गावी सेमी-इंग्रजी तुकडीत घातले होते. पहिल्या घटक चाचणीत गणितात तिला वीसपैकी चार गुण मिळाले आणि त्यानंतर ती वर्गात बोलेनाशी झाली.

तिची वही पाहिली, तेव्हा एकेक उदाहरण तीन-तीनदा सोडवलेले दिसले. चिकाटी तिच्यात भरपूर होती. वर्गात मात्र सर्वांचे गुण मोठ्याने वाचले जात, उत्तर चुकले की हशा पिके आणि मराठीत शंका विचारण्याची सोय नव्हती. शिक्षण हक्क कायदा, 2009 च्या कलम 17 नुसार मुलांचा मानसिक छळ करण्यास मनाई आहे. अशा रीतीने गुण वाचून दाखवणे त्या कलमाच्या हेतूशी विसंगत आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

हवाईतील कवाई बेटावर 1955 साली जन्मलेल्या 698 मुलांचा मानसशास्त्रज्ञ एमी वर्नर व त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक दशके अभ्यास केला. गरिबी, घरातील कलह अशा अनेक अडचणी एकदम वाट्याला आलेल्या मुलांपैकी सुमारे एकतृतीयांश मुले सक्षम प्रौढ झाली, आणि त्यांच्यापैकी अनेकांना कुटुंबातला किंवा बाहेरचा, कधी शाळेतलाच, एखादा भक्कम आधार लाभलेला होता. लवचिकता, म्हणजे अडचणीतून पुन्हा उभे राहण्याची क्षमता, केवळ मुलाच्या स्वभावात शोधू नये, असे मी पालकांना म्हणूनच सांगते.

मुलीच्या संमतीने मी गणिताच्या बाईंना भेटले. त्यांनी गुण सांगणे बंद करून उत्तरपत्रिका हातात देण्यास सुरुवात केली, चुकलेल्या उत्तरातील बरोबर पायऱ्या त्या फळ्यावर दाखवू लागल्या आणि शंका आधी मराठीत विचारण्याची मुभा त्यांनी सर्वांनाच दिली. काही आठवड्यांनी मुलीने स्वतःहून हात वर केला. सहामाहीत ती उत्तीर्ण झाली, जरी भूमितीतील इंग्रजी संज्ञा तिला अजून जड जातात.

घरी सुटणारे गणित वर्गात अडत असेल, तर शिकवणी लावण्याआधी वर्गशिक्षकांना भेटावे. झोप, भूक किंवा खेळणेच कमी झाले असेल, तर मात्र समुपदेशकाकडे जाण्यास उशीर करू नये.