५१ किलोच्या नादी लागलेल्या पैलवानास

पोरा,

तुझा निरोप वाचला. वजन ५३ किलो ८००, शनिवारी सकाळी काटा, ५१च्या गटात बसायचंय. वडील म्हणतात प्लास्टिकचं जॅकेट घालून पळ आणि पाणी बंद कर. वस्ताद म्हणतात पाणी पी. कुणाचं ऐकू?

माझं ऐक. एवढं लिहूनच थांबलो असतो, पण तू ‘का’ असं विचारलंस. आमच्या वेळी तालमीत ‘का’ विचारलं की पाठीत धपाटा बसायचा, म्हणून उत्तर देतो.

पाणी तोडून वजन उतरवायचं नाही. चरबी असेल तर महिना-दोन महिने आधीपासून उतरव, नसेल तर ५५मध्ये लढ. सोळा वर्षांचं अंग आहे, हाडं अजून वाढतायत. ते खालच्या गटात कोंबायचा हट्ट कशाला?

आता नीट ऐक. जोर-बैठका मारताना, लढत करताना स्नायू जी ऊर्जा जाळतात, तिचा साधारण पाऊण हिस्सा उष्णता होतो. ती बाहेर गेली नाही तर अंग ३७ अंशांवरून चढत जातं. बाहेर काढायची मुख्य वाट म्हणजे घाम, आणि तोही अंगावरून वाळला तरच. नुसता टपटप गळलेला घाम काही गार करत नाही. जॅकेटात तो वाळतच नाही. म्हणजे पाणी गेलं ते गेलंच, अंग तापलेलं ते तापलेलंच. ट्रकच्या रेडिएटरवर गोणपाट बांधून कुणी घाट चढवतं का?

वर पाणी बंद केलं की रक्ताचं प्रमाण घटतं. मग तेवढ्याच रक्तात हृदयानं स्नायू पोसायचे की कातडी गार ठेवायची? वजनाच्या दोन टक्के पाणी गेलं की दम कमी पडायला लागतो. तुला काढायचंय पाच टक्क्यांहून जास्त. वडिलांना हा हिशेब करून दाखव.

१९९७च्या नोव्हेंबर-डिसेंबरात अमेरिकेत तीन कॉलेजचे पैलवान असंच वजन उतरवताना गेले. हवा न जाणारे सूट घालून, उकाड्यात व्यायाम करत होते. त्यानंतर तिथल्या कॉलेज कुस्तीत असले सूट आणि सॉना, म्हणजे घाम काढायच्या तापलेल्या खोल्या, बंद झाले. आपल्याकडे मात्र ते जॅकेट खेळाच्या दुकानात टांगलेलं असतं, आणि बाप हौसेनं घेऊन येतो.

‘रात्रीत पाणी पिऊन भरून काढीन’ असंही तू लिहिलंयस. पूर्वी आदल्या संध्याकाळी वजन व्हायचं, तेव्हा लोक तसं करायचे. २०१८पासून आंतरराष्ट्रीय कुस्तीत वजन लढतीच्या दिवशी सकाळी होतं, आणि स्पर्धा दुसऱ्या दिवशी चालली तर पुन्हा काट्यावर उभं राहावं लागतं. पॅरिसला ७ ऑगस्ट २०२४च्या सकाळी विनेश फोगाटचं काय झालं ते तू पाहिलंयस. शंभर ग्रॅम जास्त भरलं आणि ऑलिम्पिकच्या अंतिम लढतीतून बाद! रात्रभर घाम काढून, केस कापूनही. तिच्या पाठीशी डॉक्टर होते, आहारतज्ज्ञ होते. तुझ्या पाठीशी कोण? मोटारसायकलवरून मागे येणारे वडील.

आमच्या वस्तादांनी आम्हाला घामाच्या अंगानं पाणी पिऊ दिलं नाही. चूळ भरायची आणि थुंकायची. थंडाई मिळायची, पण मेहनत संपून अंग निवल्यावर. बैठका मारताना डोळ्यांपुढे काळोख यायचा, आणि त्यालाच आम्ही मेहनत समजायचो. माझ्या ऐन उमेदीची वर्षं तशी सुकून गेली. त्याचा राग अजून गेलेला नाही, आणि जावा असंही वाटत नाही.

म्हणून माझ्या तालमीत कुस्तीच्या मातीच्या हौद्याच्या कडेला कळशी असते. पंधरा-वीस मिनिटांनी लढत थांबते आणि सगळे पितात, तहान असो वा नसो. तहानेवर सोडलं तर पोरं घाम जातो त्याहून कमीच पितात. साधं पाणी ठेवलं तर दोन घोट घेऊन पळतात. लिंबू, मीठ, साखर घातली की कळशी रिकामी. घामातून मीठही जातं, त्यामुळे नुसतं पाणी ढोसणंही बरं नव्हे. लोक हसले, ‘सरबताची तालीम’ म्हणाले. माझे दोन चांगले गडी दुसरीकडे जाऊन खालच्या गटात पदकं घेऊन आले. आले असतील. मी कळशी उचलली नाही, उचलणारही नाही.

मेहनतीआधी आणि नंतर लंगोटावर वजन कर. किलोभर उतरलं तर ते जवळजवळ लिटरभर पाणी आहे, ते भरून काढ. लघवी गडद पिवळी झाली तर तू आधीच मागे पडलायस. आणि उन्हात पळताना जोडीदार असंबद्ध बोलायला लागला, झोकांड्या खाऊ लागला, तर घाम येतोय म्हणून ‘काही नाही होत’ म्हणू नकोस. व्यायामातल्या उष्माघातात अंग चाळीस अंशांवर गेलं तरी घाम सुरू असू शकतो. त्याला आधी गार पाण्याच्या हौदात मानेपर्यंत बसव, डोकं धरून ठेव, कुणालातरी १०८ला फोन करायला सांग. गाडीची वाट बघत कोरडा ठेवू नकोस.

वडिलांशी तुला बोलवत नसेल तर मी बोलतो. त्यांनाही मीच जोर शिकवलेत, माझ्यापुढे आवाज चढवणार नाहीत. उद्या सकाळी दोघं या, येताना जॅकेट घेऊन या. नाव ५५मध्ये बदलता येतंय का ते फोन करून विचारू. नाही आलं तर ही स्पर्धा सोडायची.