मध्येच थांबावं लागलं तर?

दुखापतीतून उठून पुन्हा धावायला लागलेली माणसं माझ्याकडे समुपदेशनासाठी येतात ती बहुतेक शर्यतीच्या दोन-तीन महिने आधी. डॉक्टरांनी परवानगी दिलेली असते, फिजिओने सांगितलेले व्यायाम नेमाने चालू असतात, पाय खरोखर बरा झालेला असतो. तरी प्रश्न ठरलेला: "पुन्हा तिथेच दुखलं आणि मध्येच थांबावं लागलं तर?" शर्यत आपल्याच गावची असेल, तर या प्रश्नाला एक शेपूट असतं: "आणि तेही सगळ्यांच्या देखत." बोलताना ते हळू आवाजात येतं. माझ्या अनुभवात बऱ्याचदा खरी भीती तिथेच असते.

यावर उत्तर म्हणून मी एका गृहस्थांची गोष्ट सांगते. त्यांची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटू नये इतपत तपशील बदलले आहेत. वय पंचेचाळिशीच्या आसपास, बँकेत अधिकारी, गावातल्या रनिंग ग्रुपचे जुने सभासद. ग्रुपमध्ये त्यांची ओळख म्हणजे "चार तासांच्या आतला माणूस". मॅरेथॉनचे ४२.१९५ किलोमीटर चार तासांच्या आत पूर्ण करणं ही हौशी धावपटूंत मानाची गोष्ट समजली जाते. आदल्या वर्षी मात्र गावची मॅरेथॉन चुकली. उजव्या नडगीच्या हाडाला बारीक चीर गेली होती, स्ट्रेस फ्रॅक्चर.

पहिल्या भेटीत त्यांनी मला सांगितलं, की धावताना अधूनमधून "नडगीत काहीतरी होतं". कधी चौथ्या किलोमीटरला, कधी बाराव्या. मग ते थांबतात, अंगठ्याने हाड दाबून बघतात, चालत घरी येतात. दुसऱ्या दिवशी काही नसतं. फिजिओने तपासलं, काही सापडलं नाही.

"मॅडम, मला एवढंच सांगा, हे खरं दुखणं आहे की माझ्या डोक्यातलं?"

या प्रश्नाला मी सहसा सरळ उत्तर देत नाही, कारण प्रश्नच फसवा आहे. दुखणं जाणवतं म्हणजे ते आहे. हाड आता मोडतंय का, हा वेगळा प्रश्न आणि तो माझ्या अखत्यारीतला नाही. पण ही भीती आली कुठून, हे विचारता येतं. ते विचारलं आणि गोष्ट उलगडली.

पहिल्यांदा नडगी दुखू लागली तेव्हा त्यांनी शहाण्या माणसासारखा एक्स-रे काढून घेतला होता. एक्स-रे स्वच्छ. मग ते निर्धास्त धावत राहिले आणि काही आठवड्यांनी लंगडायला लागले. एमआरआय केला तेव्हा चीर दिसली. यात कोणाची हयगय झाली असं नाही. स्ट्रेस फ्रॅक्चर सुरुवातीच्या दोन-तीन आठवड्यांत साध्या एक्स-रेवर बऱ्याचदा दिसतच नाही. हाड स्वतःला सांधायला लागतं, तिथे नवं हाड धरतं, तेव्हा कुठे खूण उमटते. एमआरआयमध्ये हाडाच्या आतली सूज आधीच कळते. पण हे नंतर कळलेलं शास्त्र. त्यांच्या मनाने जो धडा घेतला तो असा: "काही नाही" असं सांगितलं जातं तेव्हाच काहीतरी असतं. आता डॉक्टर "बरं झालंय" म्हणाले, की या माणसाला धीर येण्याऐवजी धडधड सुरू व्हायची.

"घाबरू नका, सगळं ठीक आहे" हा सल्ला अशा माणसाला का लागू पडत नाही, ते यावरून लक्षात यावं. त्यांची भीती वेडगळ नव्हती. एकदा फसलेला माणूस दुसऱ्यांदा जपून वागतो, तसं ते वागत होते. फक्त जपण्याची पद्धत चुकली होती.

त्या पद्धतीबद्दल मला त्यांच्या पत्नीकडून कळलं. एका भेटीला त्या सोबत आल्या होत्या. म्हणाल्या, "हे दिवसभर पाय दाबून बघतात. टीव्ही बघताना, जेवताना, झोपेतसुद्धा. मी धावू नका म्हटलं की चिडतात, आणि धावा म्हटलं की घाबरतात." गृहस्थ ओशाळून हसले. एखाद्या जागी दिवसातून शंभरदा अंगठा रुतवला, तर ती जागा हुळहुळी होणारच. त्यावर सतत लक्ष ठेवलं, तर तिथली बारीकशी चुणचुणही मोठी वाटणार. म्हणजे ते जी खात्री शोधत होते, तीच त्यांचा अंगठा रोज खोडून काढत होता.

हालचालीच्या या भीतीला कायनेसिओफोबिया म्हणतात आणि ती मोजायला टॅम्पा स्केल नावाची १७ विधानांची प्रश्नावली आहे. मी ती वापरते, पण एकूण गुणांपेक्षा माणूस कोणत्या विधानापाशी अडतो, त्याकडे माझं जास्त लक्ष असतं. हे अडले ते या दुखापतीमुळे शरीर आता जन्मभर धोक्यात आहे, अशा अर्थाच्या विधानापाशी. पेन हातात धरून बराच वेळ बसले होते.

मग आम्ही पहिलं काम केलं ते फिजिओशी बोलण्याचं. त्यांच्या परवानगीने मीच फोन केला. धावणाऱ्यांच्या गप्पांत दुखण्याचे नियम सर्रास एकमेकांना वाटले जातात आणि तिथेच घोळ होतो. टाचेच्या वरच्या शिरेचं, म्हणजे अकिलीस टेंडनचं जुनं दुखणं असेल, तर व्यायाम करताना थोडं दुखलं तरी चालतं. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ते वाढलेलं नसलं म्हणजे झालं. हाडाच्या चिरेला हा नियम लावायचा नसतो. तिथे दुखऱ्या जागी धावताना दुखायला लागलं, की धावणं बंद. आमच्या गृहस्थांनी हे दोन्ही नियम ऐकले होते आणि कधी एक, कधी दुसरा पाळत होते.

फिजिओने स्पष्ट शब्दांत लिहून दिलं. एका बोटाने दाखवता येईल अशी जागा, धावू लागल्यावर वाढत जाणारं दुखणं, रात्री आडवं पडल्यावरही ठणकणं: यातलं काही असेल तर थांबा आणि या. पोटऱ्या भरून येणं, जागा बदलणारी चुणचुण, अंग गरम झाल्यावर नाहीशी होणारी कळ: नोंद करा आणि पुढे चला. हे वाचणाऱ्यांपैकी कोणाला पहिल्या प्रकारचं दुखणं असेल, किंवा धावताना जांघेत खोल दुखत असेल, तर माझ्यासारखीकडे येऊ नका, आधी हाडांच्या डॉक्टरांकडे जा. मांडीच्या हाडाच्या मानेला चीर असेल, तर ती अंगावर काढणं फार महागात पडू शकतं.

अंगठ्याला मात्र माझा नियम होता. दाबून बघायचं ते दिवसातून एकदाच, सकाळी उठल्यावर, आणि ते वहीत लिहायचं. बाकी वेळी हात तिकडे गेला तर हाताला दुसरं काम द्यायचं. पहिल्या आठवड्यात त्यांना हे शर्यतीच्या सरावापेक्षा अवघड गेलं. नंतर वहीच त्यांच्या बाजूने बोलायला लागली. लांब पल्ल्याच्या धावेनंतरच्या सकाळीही नोंद तीच: काही नाही. कोणाच्या तरी शब्दावर भरवसा ठेवण्यापेक्षा स्वतःच्या हस्ताक्षरावर ठेवणं त्यांना सोपं गेलं.

शेपटाचा विषय निघाला तो वेगळ्याच निमित्ताने. आयोजकांनी त्यांना पेसर व्हायला सांगितलं होतं. पेसर म्हणजे ठरलेल्या वेळेचा झेंडा पाठीला लावून एकसारख्या गतीने धावणारा माणूस, ज्याच्या भरवशावर मागे घोळका धावत असतो. "नाही कसं म्हणू? इतकी वर्षं त्यांनी मान दिला." मी त्यांना एवढंच विचारलं, की झेंडा पाठीवर असताना तुम्हाला थांबता येईल का? खूप वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "म्हणूनच हो म्हणावंसं वाटतंय. थांबायची सोयच राहणार नाही."

मला हे वाक्य महत्त्वाचं वाटलं. थांबण्याची लाज इतकी, की थांबण्याचा रस्ताच बुजवून टाकावा. अनोळखी शहरातल्या मोठ्या शर्यतीत हजारो लोकांत तुम्ही कोण, हे कोणालाच ठाऊक नसतं. गावात प्रत्येक वळणावर उभ्या असलेल्या माणसाला तुमची जुनी वेळ पाठ असते. त्यांना दुखण्यापेक्षा जास्त भीती होती ती वाकून नडगी धरताना दिसण्याची.

त्यांनी मला जोन बेनॉइटचं उदाहरण दिलं. १९८४ मध्ये अमेरिकेच्या ऑलिंपिक निवड शर्यतीच्या १७ दिवस आधी तिच्या गुडघ्याची दुर्बिणीतून शस्त्रक्रिया झाली, तरी तिने ती शर्यत जिंकली आणि त्याच वर्षी महिलांच्या पहिल्या ऑलिंपिक मॅरेथॉनचं सुवर्णही. गोष्ट खरी आणि थोर आहे. पण दुखापतीतून उठलेल्या माणसाने अशा गोष्टी उशाशी ठेवू नयेत असं माझं स्पष्ट मत आहे, कारण जे जिद्दीने धावले आणि आणखी मोडले, त्यांच्या गोष्टी कोणी सांगत नाही. मी त्यांना पॉला रॅडक्लिफची आठवण करून दिली. २००३ मध्ये लंडनला महिलांच्या मॅरेथॉनचा २ तास १५ मिनिटं २५ सेकंदांचा विश्वविक्रम करणारी ही बाई २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये ३६ किलोमीटरच्या आसपास थांबली, रस्त्याच्या कडेला बसून रडली, आणि ते जगाने थेट पाहिलं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये तिने न्यूयॉर्क मॅरेथॉन जिंकली, पुढच्या वर्षी हेलसिंकीत ती जगज्जेती झाली. "जगाने पाहिलं" हे शब्द त्यांनी वहीत लिहून घेतले.

झेंडा त्यांनी नाकारला. नाकारताना कारण सांगितलं, हे मला जास्त आवडलं.

शर्यतीआधी आम्ही थांबण्याचे नियम ठरवले, घरी, डोकं थंड असताना. ३० किलोमीटरनंतर, साठवलेली साखर संपत आल्यावर, कोणाच्याही डोक्याने घेतलेल्या निर्णयावर मी फारसा विश्वास ठेवत नाही. नडगीच्या त्या जागी दुखलं तर थांबायचं, चर्चा नाही. चाल बदलली, म्हणजे लंगडायला झालं, तर पाच मिनिटं चालायचं; सुधारलं नाही तर पुढच्या पाण्याच्या टेबलापाशी शर्यत संपली. फक्त दमलो असेन तर चालत-धावत पुढे. फिजिओने पहिल्या किलोमीटरपासूनच चालण्याचे टप्पे घालून दिले होते, म्हणून चार तासांचा विषय आपोआप बाद झाला. पत्नीने काय करायचं हेही ठरलं: रस्त्यात भेटल्यावर "दुखतंय का?" असं विचारायचं नाही. आणि लोकांना द्यायचं एक वाक्य, जर थांबलोच तर. त्यात सबब नको आणि माफीही नको.

ते वाक्य कामी आलं. नडगीने पूर्ण साथ दिली. ३१ व्या किलोमीटरला धरली ती डावी पोटरी. लंगडायला लागले, पाच मिनिटं चालले, पुन्हा धावून पाहिलं, नाही जमलं. ३३ ला बिब, म्हणजे छातीवरचा क्रमांक, काढला आणि मागून येणाऱ्या गाडीत बसले. डॉक्टरांनी स्नायू ताणला गेल्याचं सांगितलं, हाड ठणठणीत होतं. काही दिवसांच्या विश्रांतीनंतर ते पुन्हा धावू लागले.

"यंदा तेहेतीसला थांबलो, पोटरी धरली." पुढचे काही दिवस ते हेच सांगत फिरले. बहुतेकांनी "अरे!" म्हणून पुढचा विषय काढला. एका स्नेह्यांनी वयाचा विचार करायला सांगितलं. ते लागलं त्यांना, दोन दिवस धुसफुसत होते, आणि मला ते साहजिक वाटलं. वाईट वाटलं का, असं मी विचारलं. "वाटलं ना. तेहेतीसपर्यंत मस्त चाललं होतं," म्हणाले. लाज वाटली का, असं विचारल्यावर त्यांना थोडा विचार करावा लागला. "गाडीत चढताना वाटली. गाडीत आधीच चौघं बसले होते, त्यातल्या दोघांशी ओळख निघाली. मग गप्पाच सुरू झाल्या."

आता महिन्यातून एकदाही भेटायची गरज नाही असं आम्ही दोघांनी मिळून ठरवलं आहे. पुढच्या वर्षी फुल की हाफ, ते फिजिओ आणि ते बघतील.